फ्लॉवर, ब्लूम की ब्लॉसम?

परवा नर्सरीत एका ताईंनी विचारलं, "खताच्या पुडीवर 'ब्लूम बूस्टर', टोमॅटोच्या माहितीत 'ब्लॉसम एंड रॉट'. फूल ते फूल, मग शब्द वेगळे का?" मला प्रश्न फार आवडला.

फ्लॉवर सर्वांत व्यापक. शास्त्रात हाच शब्द, मग ते गवताचं न दिसणारं फूल का असेना.

ब्लॉसम म्हणजे मुख्यतः झाडांचा बहर, त्यातही फळझाडांचा: सफरचंद, चेरी, संत्रं. आपला आंब्याचा मोहोरही मँगो ब्लॉसमच. कूर्गच्या कॉफीमळ्यांत मार्च-एप्रिलच्या सरींना 'ब्लॉसम शॉवर्स' म्हणतात. त्यानंतर आठ-दहा दिवसांत सगळा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो.

आता टोमॅटो. देठाच्या विरुद्ध टोकाला, जिथे आधी फूल होतं, तिथे फळ काळं पडतं, म्हणून ते नाव. हा बुरशीचा रोग नव्हे. फळापर्यंत कॅल्शियम पुरेसं पोचत नाही आणि बहुतेकदा कारण असतं अनियमित पाणी. कृपया बुरशीनाशक फवारू नका, आधी पाण्याची वेळ सांभाळा!

ब्लूम जास्त करून शोभेच्या फुलांसाठी: गुलाब, शेवंती. फुलण्याची अवस्थाही ब्लूमच.

आणि द्राक्षांवरची पांढुरकी झाक? तीही ब्लूम! अनेकांना ती औषधाची वाटते, पण तो सालीवरचा नैसर्गिक मेणाचा थर. त्यामुळे फळातलं पाणी टिकतं. घड हाताळताना बागायतदार तो पुसला जाऊ नये म्हणून जपतात.

खताच्या किंवा बियाण्याच्या पाकिटावरचा एखादा शब्द अडला असेल तर फोटो टाका, मिळून बघू.