नंबर जुळतात का? (लेखमाला : जुनी शस्त्रं, नवे धनी – लेखांक ६)

गेल्या आठवड्यातलं १८४७ चं वॉकर कोल्ट आठवत असेल. जेमतेम अकराशे बनली, त्यातलं एक २०१८ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात अठरा लाख डॉलरांच्या वर गेलं. मुळात थोडी, म्हणून महाग. आजचं प्रकरण इतकं सरळ नाही. कोल्टचं १८७३ चं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ दुसऱ्या महायुद्धापर्यंत साडेतीन लाखांवर निघालं. अमेरिकी सैन्याने त्यातली सुमारे ३७ हजार घेतली. मग घोडदळाचा अस्सल नग मिळायला इतका अवघड का? कारण सैन्याने स्वतःच ते मोडून ठेवले.

घोडदळाच्या या .४५ रिव्हॉल्व्हरची नळी साडेसात इंचांची. सू, शायेन, अपाची या मूळ रहिवासी जमातींविरुद्धच्या मोहिमांत स्वारांच्या कमरेला हेच असे. १८९२ मध्ये सैन्याने .३८ चं नवं रिव्हॉल्व्हर स्वीकारलं आणि जुनी कोठारात गेली. १८९५ पासून त्यातली हजारो बाहेर काढून नळ्या साडेपाच इंचांवर कापल्या. तोफखान्याच्या माणसांना आखूड शस्त्र सोयीचं पडतं. हे करताना रिव्हॉल्व्हरं सुटी केली, साफ केली, पुन्हा जोडली. पण कोणता भाग कोणाचा याची फिकीर फारशी केली नाही. एकाची चौकट, दुसऱ्याची नळी, तिसऱ्याचं सिलिंडर. फिलिपिन्समध्ये .३८ ची गोळी अंगावर चालून येणाऱ्याला थांबवत नाही असा अनुभव आला, तेव्हा हीच कापलेली .४५ पुन्हा कामाला लागली. लष्कराच्या हिशेबाने सगळं शहाणपणाचं होतं. संग्राहक मात्र अजून बोटं मोडतात.

त्यामुळे जाणकार रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की आधी नंबर पाहतो. चौकटीवर खाली, चापाच्या कड्यावर आणि मुठीच्या मागच्या पट्टीवर एकच अनुक्रमांक हवा. लष्करी नगात तो सिलिंडरवर आणि नळीवरही असतो. नळीवरचा रिकामं काडतूस ढकलणाऱ्या दांड्याच्या आड दडलेला. चौकटीच्या डाव्या अंगाला ‘यू. एस.’चा ठसा, अक्रोडाच्या मुठीवर सरकारी तपासनिसाच्या आद्याक्षरांचा शिक्का. ऑरव्हिल एन्सवर्थ हा पहिल्या खेपांचा तपासनीस. त्याचा शिक्का असलेली रिव्हॉल्व्हरं सीमेवरच्या लढायांच्या ऐन काळातली, म्हणून त्यांना भाव जास्त. गंमत म्हणजे आखूड नळीच्या बहुतेक नगांचे नंबर जुळतच नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत तेच प्रामाणिकपणाचं लक्षण मानलं जातं.

मग रंग. नळी आणि सिलिंडर निळसर काळे. चौकट मात्र चट्ट्याचट्ट्यांची, निळी, तपकिरी, राखाडी. चौकट हाडांच्या आणि कातड्याच्या कोळशात पुरून लालभडक तापवायची आणि पाण्यात बुडवायची, त्यातून पोलाद वरून कठीण होतं आणि हे रंग उमटतात. ते उन्हाने, घामाने, कातडी म्यानाच्या घासण्याने उडतात आणि उडालेलेच शोभतात. पुढे कोणी हौसेने पॉलिश करून नवा रंग चढवला, की कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांचे काठ बशीसारखे खोलगट होतात, ठशांची अक्षरं पुसट होतात. दीडशे वर्षांची झीज क्षम्य, एका दुपारचं पॉलिश नाही. माझ्या मते या छंदातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच.

भाव वाढला तसे खोटे नगही आले. साध्या नागरी रिव्हॉल्व्हरवर ‘यू. एस.’ ठोकायचं, आखूड नगाला लांब नळी बसवून नंबर नव्याने मारायचे. लोखंडाला पॉलिश करता येतं, कारखान्याच्या वहीला नाही. कोल्टच्या दप्तरातून अनुक्रमांकावरून पत्र मिळतं : नग कधी आणि कोणाकडे रवाना झाला. पण तो पुढे कोणत्या तुकडीकडे गेला, हे त्या पत्रात सहसा नसतं. त्यासाठी सैन्याची कागदपत्रं चाळावी लागतात. ‘हे कस्टरच्या सातव्या घोडदळाचं’ असा दावा कानावर आला, की म्हणूनच आधी कागद मागावा. २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत सेनाधिकारी कस्टरच्या हाताखालच्या पाचही कंपन्या गारद झाल्या, मेलेल्यांची शस्त्रं सू आणि शायेन योद्ध्यांनी नेली. १९८४ मध्ये त्या माळावर रीतसर उत्खनन झालं आणि सापडलेल्या काडतुसांवरच्या ठशांवरून कोणत्या प्रकारची शस्त्रं तिथे चालली ते तपासलं गेलं. तेवढी मेहनत आजोबांच्या आठवणींवर रिव्हॉल्व्हर विकणारे क्वचितच घेतात.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक सूचना. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्र ‘अँटिक’ ठरतं. आपला १९५९ चा शस्त्र कायदा नुसत्या वयावर सूट देत नाही. दुरुस्त करूनही ते झाडता येऊ नये, अशी अट आहे. तेव्हा वाड्याच्या माळ्यावर काही सापडलं, तर घरात ठेवून घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा.

पुढच्या आठवड्यात कोल्टचा प्रतिस्पर्धी : मेजर स्कोफील्डचं रिव्हॉल्व्हर, त्याच्या नळ्याही पुढे कापल्या गेल्या, पण टपाल-तिजोऱ्या वाहणाऱ्या वेल्स फार्गो कंपनीसाठी.