सुईशेजारची रोहिणी

मानेत मणके सात, पण तेथून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या आठ. (का, ते वर्गात जरूर विचारावे. पहिली जोडी पहिल्या मणक्याच्याही वरून निघते.) खालच्या जोड्या दोन-दोन मणक्यांमधल्या छिद्रांतून बाहेर पडतात. मधली गादी सरकली किंवा हाड वाढून छिद्र अरुंद झाले, की मज्जातंतूचे मूळ दाबले जाऊन सुजते आणि कळ मानेतून थेट बोटांपर्यंत जाते. बहुतेकांचे हे दुखणे काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते. ज्यांचे ओसरत नाही, त्यांच्यापैकी काहींना सुजलेल्या मुळाशी स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात.

सुई मज्जातंतूला लागेल, अशी भीती आपल्याला वाटते. त्याहून मोठा धोका शेजारी असतो. मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून एक मोठी रोहिणी मेंदूच्या मागच्या भागाकडे जाते. छिद्रांपाशी मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या बारीक रोहिण्याही असतात. औषध त्यांत शिरले तर? येथे औषधाचे भौतिक रूप महत्त्वाचे ठरते. मिथिलप्रेडनिसोलोन, ट्रायमसिनोलोन यांचे कण द्रवात विरघळलेले नसतात, नुसते तरंगत असतात. म्हणून तर बाटली हलवून घ्यावी लागते. या कणांचे पुंजके तांबड्या पेशीहून, म्हणजे सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटरहून, मोठे असू शकतात. केशवाहिनी तर जेमतेम एक पेशी जाईल एवढी! मोरीत खडी अडकावी तसा रक्तपुरवठा तुंबतो. असे क्वचितच घडते, पण घडले तर पक्षाघात किंवा मृत्यूही ओढवतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली तसा इशारा दिला. २०१५ साली तेथील तज्ज्ञांनी मानेत या मार्गाने कणयुक्त स्टेरॉइड देऊ नये, असे सुचवले. डेक्सामेथासोन पूर्ण विरघळते, म्हणून ते वापरावे.

आता चित्रांकडे वळू. क्ष-किरणांत हाडे दिसतात, रोहिण्या नाहीत. म्हणून आधी आयोडीनयुक्त द्रव थोडासा सोडून तो पडद्यावर वाहताना पाहतात. रोहिणीत शिरलेला द्रव क्षणात वाहून जातो; नंतर काढलेल्या स्थिर छायाचित्रात तो सापडायचा नाही. संगणक नंतरच्या चित्रातून आधीचे चित्र वजा करतो, तेव्हा हाडे पुसली जाऊन फक्त द्रव उरतो. ही वजाबाकी आपल्या गणिताच्या तासाचीच. सोनोग्राफीत रक्तवाहिन्या आधीच दिसतात आणि किरणोत्सर्गही नसतो, पण हाडापलीकडे सावली पडते. आमच्या मते यांतले कोणतेही एक चित्र पुरेसे मानू नये.

रुग्णाला गाढ गुंगीही देत नाहीत. सुई पुढे सरकताना हातात अचानक कळ गेली, तर ते त्यालाच सांगता यायला हवे.