जहाज किती जुने, किती मोठे?

छत्रपती संभाजीनगरापासून समुद्र सव्वातीनशे किलोमीटरांवर आहे. येथील मोंढ्यात, गुलमंडीवर वा सराफ्यात पेढ्या चालविणाऱ्या कुटुंबांचा संबंध आला तो मालगाडीशी आणि ट्रकशी. जहाज पाहिले ते मुंबईला गेल्यावर गेटवेवरून. गेल्या काही वर्षांत मात्र आई-वडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, भावाबहिणींच्या कुटुंबांची एकत्र सहल, मुलांची दिवाळीची सुटी अशा निमित्तांनी ‘क्रूझ’ हा शब्द घराघरांत शिरला आहे. पैसे भरण्याची वेळ आली की घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, जहाज किती जुने आहे? तरुण मंडळी विचारतात, किती मोठे आहे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे मात्र वाटतात तेवढी सरळ नाहीत.

मुंबईहून सुटणाऱ्या प्रवासी जहाजांत आज सर्वांत परिचित नाव ‘कॉर्डेलिया क्रूझेस’चे आहे. या कंपनीने 2021 च्या सप्टेंबरात ‘एम्प्रेस’ या एकाच जहाजावर व्यवसाय सुरू केला. हे जहाज 1990 मध्ये फ्रान्समधील सेंट-नाझेर येथील कारखान्यात बांधले गेले आणि ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ताफ्यात दाखल झाले. त्याची लांबी सुमारे 211 मीटर आणि टनभार 48,563 आहे. तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठीच त्याची आखणी झाली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण भारतीय कुटुंबे आज बहुतांशी तेवढ्याच मुदतीची सफर करतात. पुढे त्याची नावे बदलली, काही वर्षे ते स्पेनच्या एका कंपनीकडे होते, आणि 2020 च्या अखेरीस ते विकले गेले. भारतीय प्रवाशांच्या सेवेत आले तेव्हा त्याने वयाची तिशी ओलांडली होती.

त्याच्या जोडीला आणखी दोन जहाजे येणार असल्याचे 2025 मध्ये जाहीर झाले. नॉर्वेजियन क्रूझ लाइनची ‘नॉर्वेजियन स्काय’ 2026 मध्ये आणि ‘नॉर्वेजियन सन’ 2027 मध्ये दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने कॉर्डेलियाकडे यावयाची, असा तो करार. ‘स्काय’ 1999 चे, 77,104 टनांचे. ‘सन’ 2001 चे, 78,309 टनांचे. ‘स्काय’च्या जन्माची कथा व्यापाऱ्यांना सहज उमजेल अशी आहे. त्याचा सांगाडा जर्मनीतील ब्रेमर वल्कान कारखान्यात दुसऱ्याच एका कंपनीसाठी उभा राहत होता. कारखाना दिवाळखोरीत निघाला आणि अर्धवट सांगाडा नव्या मालकाने घेऊन ब्रेमरहाफेन येथे पुरा करविला. ‘सन’ हे त्यानंतरचे, त्याच धाटणीचे.

येथे ‘टन’ या शब्दाचा खुलासा आवश्यक आहे, कारण बहुतेकांचा गोंधळ याच शब्दापाशी होतो. 77,104 टन म्हणजे जहाजाचे वजन नव्हे. प्रवासी जहाजाचा हा आकडा त्याच्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून, 1969 च्या आंतरराष्ट्रीय करारात ठरलेल्या सूत्राने काढतात. गोदामाची क्षमता जशी त्याच्या भिंतींच्या वजनावरून नव्हे तर आत किती माल मावतो यावरून मोजतात, तसाच हा हिशेब. म्हणून टनभार हा जहाजाच्या ‘पोटाचा’ आकडा आहे. 1912 मध्ये बुडालेले ‘टायटॅनिक’ जुन्या मोजणीप्रमाणे 46,328 टनांचे होते. त्या काळी जगातील सर्वांत मोठे गणले गेलेले जहाज आणि आज लहान समजली जाणारी ‘एम्प्रेस’ जवळपास एकाच मापाच्या! 2024 मध्ये सेवेत आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ 2,48,663 टनांचे आहे. म्हणजे एका ‘आयकॉन’च्या पोटात पाच ‘एम्प्रेस’ मावतील.

मात्र प्रवाशाला पोटाच्या एकूण आकाराशी थोडेच कर्तव्य असते; त्याच्या वाट्याला जागा किती आली, हे त्याला पाहावयाचे असते. त्यासाठी टनभाराला प्रवाशांच्या संख्येने भागावे. एका खोलीत दोघे असे धरल्यास ‘एम्प्रेस’वर सुमारे 1,600 प्रवासी होतात, दरडोई भागाकार 30 येतो. ‘स्काय’वर सुमारे 2,000 प्रवासी धरल्यास तो 38 वर जातो आणि ‘सन’वर 40 च्या आसपास. ‘आयकॉन’वर तो 44 च्या घरात आहे. मोठे जहाज म्हणजे मोठी गर्दी, हा समज या भागाकारापुढे टिकत नाही. पण या हिशेबात आपल्याकडील एक बाब धरलेली नाही. परदेशी जोडपे एका खोलीत दोघेच राहते. आपले कुटुंब दोन मुलांसह चौघे एका खोलीत शिरते, शिवाय दिवाळी-नाताळच्या सुटीत सगळ्याच खोल्या तशा भरतात. ‘आयकॉन’चीच कमाल क्षमता 7,600 आहे, तेवढे लोक भरले की 44 चा भागाकार 33 वर उतरतो. तेव्हा दरडोई जागा जहाजाइतकीच आपण निवडलेल्या तारखेवरही अवलंबून असते. 

आता वयाकडे वळावे. वय म्हणजे आयुष्य संपत आल्याची खूण, असे मानण्याकडे आपला कल असतो. पण 1990 याच वर्षी बांधलेल्या दोन जहाजांची तुलना केली तर वेगळेच चित्र दिसते. ‘एम्प्रेस’च्याच वर्षी इटलीत ‘क्राउन प्रिन्सेस’ हे 70,285 टनांचे, म्हणजे बरेच मोठे जहाज तयार झाले. ‘कर्णिका’ हे नाव धारण करून ते 2019 च्या एप्रिलात ‘जालेश’ कंपनीतर्फे मुंबईहून धावू लागले. वर्षभरातच महामारीने सागरी पर्यटन ठप्प झाले, 2020 मध्ये कंपनी बंद पडली आणि त्याच वर्षी ‘कर्णिका’ अलंगच्या किनाऱ्यावर तोडण्यासाठी चढविली गेली. जालेशचे प्रमुख युर्गन बायलोम हेच पुढे कॉर्डेलियाचे प्रमुख झाले आणि ‘एम्प्रेस’ पाण्यात उतरली. एकाच वयाच्या दोन जहाजांपैकी मोठे भंगारात गेले, लहान आजही चालते. निकाल लावला तो तारखेने नव्हे, ताळेबंदाने. 

जुने जहाज घेऊन व्यवसाय उभा करण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. आधुनिक भारतीय जहाजवाहतुकीचा आरंभच एका जुन्या प्रवासी जहाजाने झाला, आणि तो करणारा माणूस समुद्रकाठचा नव्हता. तो होता सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 चा. घरी कापूस आणि सावकारीचा व्यवसाय. त्यांनी स्वतः रेल्वेच्या बांधकामांचे ठेके घेतले. 1919 मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विकाऊ असल्याचे त्यांना समजले. हे जहाज मुळात ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. (नावाचा योगायोग पाहावा!) इंग्लंडमधील बॅरो येथे बांधलेले, 1891 मध्ये कॅनेडियन पॅसिफिक कंपनीच्या सेवेत आलेले, 5,905 टनांचे. पॅसिफिक महासागरात त्याने जवळपास पाव शतक प्रवासी नेले. पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी ग्वाल्हेर दरबाराने ते घेतले आणि रुग्णालय-जहाज म्हणून चालविले. वालचंदशेठच्या हाती आले तेव्हा त्याचे वय 28 वर्षांचे होते. म्हणजे जवळपास आजच्या ‘स्काय’इतके.

नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई शामळदास यांच्या साथीने ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ स्थापन झाली आणि 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. वालचंदशेठ स्वतः जहाजावर होते. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. उत्सवाच्या भाषणांत येथेच विराम मिळतो. हिशेबाच्या वहीत मात्र पुढची पाने आहेत. जुने जहाज खर्चिक ठरले, ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याच्या दरात चढाओढ लावली, आणि 1923 मध्ये ‘लॉयल्टी’ मुंबईत मोडीत निघाली. सिंदिया कंपनी टिकली ती तडजोड करून: त्याच वर्षी ब्रिटिश कंपन्यांशी झालेल्या दहा वर्षांच्या कराराने तिच्या ताफ्याच्या वाढीवर मर्यादा घातल्या. परक्यांनी वापरून सोडलेल्या जहाजांवर विसंबून ताफा उभा राहत नाही, हे वालचंदशेठांनी ओळखले असावे. 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली आणि मार्च 1948 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ हे तेथील पहिले मोठे जहाज पाण्यात उतरले. मालवाहतुकीचे जहाज ते. मोठे क्रूझ जहाज मात्र देशात अद्यापही बांधलेले नाही. आज मुंबईच्या नव्या क्रूझ टर्मिनलवर दिसणारी भारतीय कंपनीची जहाजे फ्रान्स-जर्मनीत जन्मलेली आणि परदेशी प्रवाशांनी पाव शतक वापरलेली असतात.

मग ही वापरलेली जहाजे सुरक्षित असतात काय? येथे वयाचा आकडा सर्वांत फसवा ठरतो. ‘टायटॅनिक’ बुडाले ते पहिल्याच सफरीत. 2012 च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटलेले ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ अवघे सहा वर्षांचे आणि 1,14,000 टनांहून मोठे होते. तेथे 32 जण दगावले. आणि आपल्या मुंबईचे उदाहरण त्याहून दारुण आहे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही 406 टनांची बोट खवळलेल्या पावसाळी समुद्रात उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. ‘रामदास’ 1936 साली बांधलेली, म्हणजे तिचे वय तेव्हा केवळ 11 वर्षे होते. या तिन्ही अपघातांत दोष जहाजाच्या जीर्णतेचा नव्हता. 

वयापेक्षा देखभालीची वही महत्त्वाची. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रवासी जहाजाचे सुरक्षा प्रमाणपत्र फक्त बारा महिन्यांचे असते. दरवर्षी पाहणी करूनच ते नव्याने मिळते. शिवाय ठरावीक काळाने जहाज कोरड्या गोदीत घेऊन तळाची तपासणी होते. 2010 च्या ऑक्टोबरपासून तर लाकडासारख्या ज्वालाग्राही सामग्रीने सजविलेली जुनी प्रवासी जहाजे आंतरराष्ट्रीय मार्गांवर चालविण्यासच बंदी आली आणि कित्येक देखणी जहाजे एका फटक्यात निवृत्त झाली. ‘एम्प्रेस’च्या पिढीची जहाजे ही चाळण पार करून आलेली आहेत. वयाचा परिणाम प्रवाशाला जाणवतो तो अन्यत्र: खोल्या आजच्या मानाने आखूड, बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच. ‘स्काय’ आणि ‘सन’ यांच्या काळापर्यंत बाल्कनीची आवड रुजली होती, म्हणून त्यांच्यावर त्या अधिक आहेत.

आकाराचा परिणाम हेलकाव्यांवरही होतो. लहान जहाज लाटांवर अधिक डोलते. ज्यांना गाडीतही मळमळते अशांसाठी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातील खोली घ्यावी. ती स्वस्तही असते. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही. ते समुद्रात उभे राहते आणि प्रवाशांना छोट्या होड्यांत उतरावे लागते. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना ही उतरंड जमेल का, हे आधी विचारावे. ‘एम्प्रेस’ अलीकडच्या वर्षांत पावसाळ्यात पश्चिम किनारा सोडून चेन्नईहून श्रीलंकेकडे जाऊ लागली आहे. आपल्याकडे चातुर्मासात तशीही सहलीची आखणी होत नाही, त्यामुळे ही अडचण फारशी जाणवत नाही.

भोजनाचा प्रश्न मात्र प्रत्येक घरात निघतो, आणि तेथे भारतीय जहाजाचे वय कोणी विचारीत नाही. कॉर्डेलियावर जैन भोजनाची सोय आहे. युरोप-अमेरिकेच्या मोठ्या जहाजांवर ते आधी कळवून मागावे लागते, आणि स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो का हे तेथे नेमके विचारून घ्यावे. चौविहार पाळणाऱ्यांनी पहिल्या संध्याकाळकडे विशेष लक्ष द्यावे. जहाज बहुधा दुपारनंतर सुटते. कॉन्कॉर्डियाच्या दुर्घटनेनंतर कडक झालेल्या नियमामुळे सुटण्यापूर्वी किंवा सुटताच प्रत्येक प्रवाशाला सुरक्षा-सरावाला हजर राहावे लागते. तो चुकविता येत नाही. डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि भोजनगृहाची नेहमीची वेळ त्यानंतर सुरू होते. तेव्हा संभाजीनगरहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी मुंबईत उतरलेल्या कुटुंबाने दुपारीच जहाजावर चढावे, खोलीची किल्ली घेण्याआधी भोजनगृहाच्या व्यवस्थापकाला गाठावे आणि सरावाचा भोंगा वाजण्यापूर्वी ताटे वाढून घ्यावीत.