उपळी बुरजावरून रेवदंड्याला

नळदुर्गात वाढलेल्या माणसाला पाणी म्हणजे बोरी नदी. पावसाळ्यात धरण भरलं की नर-मादी धबधब्यांच्या धारा कोसळतात आणि त्यांच्या आड, धरणाच्या पोटातल्या पाणीमहालात, आपण कोरडे उभे असतो. समुद्र मी पंचविशी उलटल्यावर पाहिला, तोही रेवदंड्याचा.

रेवदंडाच का, याचं कारण आमच्याच किल्ल्यात आहे. नळदुर्गची दगडी तटबंदी पहिल्या अली आदिलशहाची. विजयनगरविरुद्धची तालिकोटची लढाई जिंकून पाच वर्षं झाली होती. १५७० सरता सरता हा आदिलशहा गोव्यावर चालून गेला आणि त्याच वेळी अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने पोर्तुगिजांच्या चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, वेढा घातला. याच निजामशाहीने १५१६ मध्ये त्यांना इथे वखार घालू दिली होती. दोन्ही वेढे १५७१ मध्ये उठवावे लागले. मनुष्यबळ, घोडे, तोफा पठारावरच्या सुलतानांकडे होत्या. पण समुद्राची बाजू मोकळी, तिथून गलबतं कुमक आणत राहिली. नळदुर्गच्या उपळी बुरजावरच्या लांबलचक तोफेवर हात ठेवला की मला हा पराभव आठवतो.

अलिबागहून येणारा रस्ता आजचं चौल गाव मागे टाकून तटबंदीतूनच गावात शिरतो. आत मात्र किल्ला शोधावा लागतो, कारण सगळीकडे नारळ-पोफळीच्या वाड्या. पाटाचं पाणी, सुकलेल्या झावळ्यांचे ढीग, आणि मध्येच एखादी छप्पर नसलेली उंच भिंत: ते चर्च. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन, सगळ्या पंथांनी इथे आपापली देवळं बांधली होती. त्यांची बारकाईने नोंद घेतली जेर्सन दा कुन्हा या गोमंतकीय विद्वानाने, १८७६ च्या त्याच्या चौल-वसईवरच्या पुस्तकात.

सगळ्यांत उंच उरलाय तो फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा. गावकरी त्याला सातखणी म्हणतात; वरचे खण आता नाहीत. पायथ्याशी उभं राहून मान मोडेपर्यंत वर पाहिलं. रिकाम्या खिडक्यांतून पोपट आत-बाहेर करत होते. सांध्यातल्या चुन्याला बोट लावलं तर तो पिठासारखा सुटला. खारा वारा रोज थोडाथोडा दगड खातोय. आमच्या किल्ल्याची डागडुजी झाली, लोक तिकीट काढून येतात. सातखणीच्या वाट्याला तेवढंही लक्ष आलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तटापलीकडे सुरूचं बन आणि काळसर वाळूचा किनारा. पर्यटक तिथेच थांबतात. मी म्हणेन, थांबू नका. साळावचा पूल ओलांडून कोर्लईला जा. त्या डोंगरावर निजामशाहीने किल्ला बांधला आणि १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी तो घेतला. वसई पडल्यावर, १७४० च्या तहाने, रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. अधिकारी, पाद्री निघून गेले. डोंगराच्या पायथ्याची ख्रिस्ती वस्ती राहिली आणि तिच्याबरोबर तिची बोली राहिली. नाव ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी! क्लॅन्सी क्लेमंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

कोर्लईच्या चर्चजवळ एक म्हातारी बोंबील वाळत घालत होती. मी विचारलं, “काय वो मावशी, घरात कुठली भाषा बोलता?” तिने माझ्याशी मराठीत, अगदी कोकणी हेल काढून उत्तर दिलं, “आमची.” मग दारातल्या नातवाला काहीतरी सांगितलं. मला एक अक्षर कळलं नाही, पण वाक्याचा ताल ओळखीचा होता. पोरगं आत गेलं आणि सुकी मासळी भरायला लोखंडी घमेलं घेऊन आलं.

घमेलं हा शब्द पोर्तुगीज आहे, हे मला नंतर वाचून कळलं. पगारही त्यांचाच, चावीही. नळदुर्गात तटाचं काम चालू होतं तेव्हा गवंड्याच्या हाताखालच्या बायका त्याच घमेल्यातून चुना वाहत होत्या, आणि शनिवारी संध्याकाळी पगाराला रांगेत उभ्या राहत होत्या.