पाय कोरडे ठेव

आमच्या कोपर स्टेशनला दोन मजले आहेत. खालून कल्याणकडच्या लोकल धावतात आणि वरून दिवा-वसईची लाइन जाते. रात्री वरच्या लाइनीवरून मालगाडी गेली की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. इतक्या वर्षांत त्याची एवढी सवय झालीय की कूसही बदलावी लागत नाही. मागच्या पावसाळ्यात एका रात्री मात्र मालगाडी आली आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरले. समोर टीव्हीवर बर्फाने भरलेलं जंगल होतं. झाडांच्या शेंड्यांवर तोफगोळे फुटत होते आणि जमिनीत खणलेल्या खड्ड्यांत पोरं डोकं हातांत धरून पालथी पडली होती. हादरा टीव्हीतला की बाहेरचा, हे क्षणभर मला कळेना.

माझा भाचा परीक्षेच्या निमित्ताने महिनाभर आमच्याकडे राहायला आला होता. ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ही अमेरिकन मालिका त्यानेच लावून दिली. ही ‘मिनीसिरीज’ आहे, म्हणजे वर्षानुवर्षं लांबत जाणारी नाही. साधारण तासाभराचा एकेक, असे दहा भाग आणि गोष्ट संपली. २००१ मध्ये ती पहिल्यांदा दाखवली गेली. स्टीव्हन स्पीलबर्ग आणि टॉम हँक्स तिचे निर्माते, आणि आधार स्टीफन अँब्रोज या इतिहासकाराच्या १९९२ मधल्या पुस्तकाचा. दुसऱ्या महायुद्धात विमानातून छत्रीने उतरणाऱ्या अमेरिकन सैनिकांची एक कंपनी तिच्या केंद्रस्थानी आहे. १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमधली ५०६ वी रेजिमेंट आणि तिची ‘ईझी’ कंपनी. ईझी म्हणजे सोपी नव्हे. कंपन्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं असत आणि वायरलेसवर ऐकण्यात घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येक अक्षराला एक शब्द ठरलेला असे. ‘ई’साठी ‘ईझी’.

“मावशी, पहिले दोन भाग चेहरे ओळखू येणार नाहीत, पण सोडू नकोस,” असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं. सगळ्यांची हेल्मेटं सारखी, कपडे सारखे आणि तोंडं चिखलाने माखलेली. कोण मेलं आणि कोण वाचलं हेच समजेना. मी जुन्या डायरीत नावं लिहायला घेतली, वॉर्डात नवीन पेशंट आले की लिहायची तशी. विंटर्स हा शांत अधिकारी. गार्नियर तोंडाचा फटकळ. रो हा औषधोपचारवाला, ज्याला सैन्यात ‘मेडिक’ म्हणतात. पहिल्यांदा बघणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन की नावं लिहून ठेवा, आणि एका रात्री एकच भाग बघा. दोन बघितलेत तर दुसरा नुसता डोळ्यांपुढून जातो.

आपल्या पिढीच्या डोक्यातली लढाई ‘बॉर्डर’ सिनेमातून आलेली. तिथे गोळी लागलेला माणूस बोलतो, आईची आठवण काढतो, गाणं होतं. इथे माणूस वाक्याच्या मध्येच पडतो. त्याच्यावर कॅमेरा थांबतसुद्धा नाही, कारण शेजारच्याला थांबायला वेळ नसतो. हा खरेपणा आणायला केवढी मेहनत लागते, ते मी नंतर भाच्याकडून समजून घेतलं. डेल डाय नावाच्या, व्हिएतनाम लढलेल्या निवृत्त कॅप्टनने या नटांना चित्रीकरणाआधी दहा दिवस खऱ्या छावणीत राबवलं. पहाटे पळणं, रात्री पहारा, आणि एकमेकांना हाक मारायची ती पात्राच्याच नावाने. रंग मुद्दाम विटवलेले आहेत. कॅमेरा बऱ्याचदा माणसाच्या हातात आणि सैनिकांच्या उंचीवर असतो. आकाशातून सगळी लढाई एकदम दिसली असं क्वचितच होतं. आपल्याला दिसतं तेवढंच, जेवढं खड्ड्यातून मान वर काढून दिसेल. आणि ते बर्फाचं जंगल इंग्लंडमधल्या विमानांच्या एका शेडमध्ये उभं केलं होतं. झाडंही बनवलेली आणि बर्फही.

पण मला त्या जंगलात खेचून नेलं ते रोने. मी ३४ वर्षं नर्स होते. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात, त्यातली बरीच वर्षं सर्जिकल वॉर्डात. पाचव्या भागात एका अधिकाऱ्याला चुकून आपल्याच पहारेकऱ्याची गोळी लागते. घाबरलेले वरिष्ठ त्याला मॉर्फिन टोचतात, आणि रो धावत येऊन विचारतो की किती दिलं. त्यांना नक्की सांगता येत नाही. दोन असेल, तीन असेल. तो साधा शिपाईगडी आपल्या वरिष्ठांवर जोरात ओरडतो. मॉर्फिन वाजवीपेक्षा जास्त झालं तर श्वास मंदावतो, माणूस जखमेने नव्हे, औषधाने जातो. म्हणून त्या काळी मॉर्फिनची रिकामी ट्यूब जखमीच्या कॉलरला टाचून ठेवायची पद्धत होती. पुढच्याला न विचारता कळावं म्हणून. आमच्याकडे केसपेपरवर वेळ आणि मात्रा लिहायची, सही करायची. मी नवीन मुलींना हेच शिकवत आले. त्या ओरडण्यात मला आमचा सगळा पेशा दिसला.

सहावा भाग पूर्ण त्याचाच आहे. बेल्जियममधलं बास्टोन गाव, डिसेंबर १९४४. जर्मन फौजांनी वेढा घातलेला, औषधं संपलेली, अंगावर हिवाळी कपडे नाहीत. रो खड्ड्याखड्ड्यांतून कात्री मागत फिरतो. बँडेज आहे का, मॉर्फिन आहे का, प्लाझ्मा आहे का. गावातल्या चर्चमध्ये जखमींना ठेवलंय आणि तिथे रेने लेमेर नावाची बेल्जियन नर्स काम करतेय. ती खरी होती. २४ डिसेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ती गेली. मालिकेत रोला ढिगाऱ्यात तिचा निळा रुमाल सापडतो, तो खिशात ठेवतो, आणि शेवटी एका पोराच्या कापलेल्या हातावर बांधायला काहीच नसतं तेव्हा तोच रुमाल फाडतो. फाडण्यापूर्वी तो किंचित थांबतो. त्या थांबण्यापाशी मी मालिका बंद केली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

त्याच भागात तो पुन्हा पुन्हा पायांविषयी बोलतो. मोजे बदल, पाय चोळ, बूट काढ. ‘ट्रेंच फूट’ हा आजार बर्फानेच होतो असं नाही. पाय दिवसचे दिवस ओले आणि गार राहिले की रक्तवाहिन्या आकसतात, रक्त पोचत नाही. आधी बधिरपणा, मग सूज, मग कातडी काळी पडत जाते, आणि वेळेवर लक्ष गेलं नाही तर पाय कापावा लागतो. त्या काळचा उपाय एकच. पाय पुसून कोरडे करायचे, चोळून ऊब आणायची, आणि दुसऱ्याने आपले पाय तपासायचे, कारण बधिर झालेल्याला स्वतःचं कळत नाही.

हे ऐकताना माझे आजोबा डोळ्यांसमोर आले.

आईचे वडील. माणगाव तालुक्यातलं गाव. मराठा पलटणीत होते आणि लढाईच्या काळात इटलीला गेले होते, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. मे महिना आजोळी जायचाच, पण पहिलीत असताना आई आजारी होती म्हणून मी सबंध पावसाळा तिथे काढला. शेतातून, शाळेतून भिजून आलं की आजोबा आम्हा पोरांना ओटीवर ओळीने बसवत. जुनं सुती धोतर फाडून केलेलं फडकं घेऊन एकेकाचे पाय पुसत. बोटांच्या बेचक्या सुद्धा. मग तळहाताने चोळत. “पाय कोरडे ठेव, बाकी भिजलं तर भिजू दे.” केस ओले असले तरी त्यांचं तिकडे लक्ष नसे. आजीला ते विचित्र वाटायचं. मला ती माया वाटायची आणि ती होतीच. पण ती इटलीतल्या चिखलातून आली होती हे मला त्यांच्या मृत्यूनंतर इतक्या वर्षांनी, कोपरच्या घरात, अमेरिकन पोरांची गोष्ट बघताना समजलं.

इटलीत भारतीय सैन्याच्या तीन डिव्हिजन लढल्या. चौथी, आठवी आणि दहावी. सुमारे ५०,००० जवान, आणि त्यांतले ५,७८२ तिथेच गेले. डोंगर आणि नद्या ओलांडत वर सरकायचं, प्रत्येक नदीच्या पलीकडे जर्मन, आणि थंडीच्या पावसात रस्ते वाहून गेलेले. ईझी कंपनी बास्टोनच्या बर्फात होती त्याच आठवड्यात आठव्या डिव्हिजनच्या तुकड्या इटलीतल्या सेर्किओ नदीच्या खोऱ्यात अमेरिकन डिव्हिजनच्या मदतीला धावल्या होत्या. म्हणजे एकाच हिवाळ्यात दोन्हीकडे तेच ओले मोजे. मालिकेत आपलं कुणी दिसत नाही. ती एका कंपनीची गोष्ट आहे, त्यामुळे तो तिचा दोष मी मानत नाही. पण बघणाऱ्याने मनात हे धरावं की त्या लढाईसाठी हिंदुस्थानातून २५ लाख माणसं भरती झाली होती. आपल्याकडेही खुणा आहेत. उल्हासनगरला अजून ‘कॅम्प नंबर चार’ असं म्हणतात ते महायुद्धातल्या कल्याण कॅम्पमुळेच. फाळणीनंतर त्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासितांची सोय केली गेली. नेवाळीची धावपट्टीही त्याच युद्धातली.

मालिका संपल्यावर मी नाईक यशवंत घाडगे यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं मानपत्र पुन्हा वाचलं. ते आजोळच्याच तालुक्यातले, पळसगावचे. १० जुलै १९४४, इटलीतल्या टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले सगळे पडले, हे एकटे उरले. ग्रेनेड टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा गारद केला, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. वय २२. पदक त्यांच्या पत्नीच्या हाती दिलं गेलं. हे मी शाळेपासून ऐकलेलं, माणगावचा त्यांचा पुतळा लहानपणापासून पाहिलेला. पण ‘सेक्शनमधले सगळे पडले’ या वाक्यात आठ-दहा माणसं आहेत हे मला आत्ता दिसलं. आठ-दहा चेहरे, कुणी फटकळ, कुणी गप्प, कुणाला घरून पत्र आलेलं. दहा रात्री एका कंपनीबरोबर काढल्यावर ‘सेक्शन’ हा शब्द नुसता शब्द राहत नाही. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांचंही तसंच. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून त्यांनी दोन जखमींना एकेक करून मागे आणलं, आणि मग एकट्याने मशीनगनची तीन ठाणी मोडली. शत्रूला मारणं सगळ्यांना आठवतं. मी नर्स, मला ते दोन जखमी आणि दोन फेऱ्या आठवत राहतात.

या मालिकेतली सगळ्यात मोठी गोष्ट लढाईची नाही. बहुतेक भागांच्या सुरुवातीला काही म्हातारे कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात. बोलता बोलता एखादा थांबतो, ओठ घट्ट मिटतो. त्यांची नावं दाखवत नाहीत. ती शेवटच्या भागात येतात, कारण आधी दाखवली तर कोण वाचणार हे कळून जाईल. हेच ते खरे सैनिक. त्यांना कुणीतरी वेळेवर विचारलं, म्हणून पुस्तक झालं आणि म्हणून मालिका झाली. चुकाही राहिल्याच. ब्लाइथ नावाचा सैनिक १९४८ मध्ये वारला असं मालिका सांगते. प्रत्यक्षात तो सैन्यातच राहिला आणि १९६७ मध्ये गेला. सोबत्यांचाच तसा समज होता. ज्यांना विचारलं त्यांच्याबाबतीत असं होतं, तर ज्यांना कुणी विचारलंच नाही त्यांचं किती हरवलं असेल, याचा हिशेब मला लावता येत नाही. आजोबा गेले तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. पायांबद्दल विचारायला मला सगळे शब्द येत होते.

दहावा भाग संपल्यावर दुसऱ्या दिवशी मी गावी मामाला फोन केला. तो आता ८० च्या पुढे आहे. आजीच्या बिस्किटांच्या डब्यात एक तारा होता, तो आहे का? आहे म्हणाला. फीत विटलीय, पण लाल, पांढरी, हिरवी, मग पुन्हा पांढरी, लाल अशी दिसते. म्हणजे इटली स्टार हे युद्धातलं पदक. आणि काळी ट्रंक? तीही आहे, माळ्यावर, भाताच्या बियाण्याखाली. मी त्याला ती उतरवायला लावली. झाकणावर पांढऱ्या रंगात आजोबांचं नाव, पलटणीचं नाव आणि खाली नंबर. बेळगावला मराठा रेजिमेंटचं केंद्र आहे, तिथल्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा तर नंबर पाहिजे. त्याने एकेक आकडा वाचला आणि मी डायरीत लिहून घेतला, रो आणि विंटर्सच्या नावांखालच्या रिकाम्या जागेत. शेवटचा आकडा तीन की आठ हे त्याला दिसेना, गंज चढलाय. खोबरेल लावून रात्रभर ठेवतो आणि सकाळी उजेडात पुसून बघतो म्हणाला.