मनोऱ्यावरचा कावळा, माळावरचं अंडं

वर्ध्याहून आर्वीकडे जाताना विजेच्या मनोऱ्यांवर नजर टाका; डोमकावळा नाहीतर घार टेहळणी करताना दिसेल. उघड्या माळावर पूर्वी अशी उंच बैठक कुठली? पोटाला गावाबाहेरचा उकिरडा आणि रस्त्यावर चिरडलेली जनावरं आहेतच. एरवी भक्ष्य घटलं की शिकारीही घटतो. फुकटच्या खाण्याने तो लगामच सुटतो.

झळ बसते जमिनीवर अंडी घालणाऱ्यांना. टिटवीचं घरटं म्हणजे खड्यांमधली उथळ खळगी. काळ्या ठिपक्यांची चार मातकट अंडी पायाशी असूनही दिसत नाहीत. पण टिटवी दचकून उठली की वरच्या कावळ्याला जागा कळते. तिची एक वीण गेली तर ती पुन्हा अंडी घालते. माळढोकाला असं नुकसान फार जड जातं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या शिवारात दिसत आलेला हा पक्षी एका विणीत बहुधा एकच अंडं घालतो, ते जवळपास महिनाभर उबवतो. शिवाय त्याच मनोऱ्यांवरच्या तारांना धडकून मरतोही.

अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात असेच माजलेले रेव्हन कावळे कासवाची पिल्लं टिपतात, त्यांचं कवच कोवळं असतं तोवरच. मनोरे हलणार नाहीत, पण उकिरडे झाकता येतात. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हावी, टिटव्या मार्चमध्ये विणीला लागण्याआधी.