विश्लेषण : गणिताच्या पुस्तकात व्यंगचित्रकाराचं काय काम?

मोबाइलवर ‘फरक ओळखा’ किंवा ‘लपलेली वस्तू शोधा’ खेळताना चित्र काढणाऱ्याचा विचार कुणी करत नाही. खरं तर अशा खेळात कोडं शब्दांत नसतं, रेषेतच असतं. मराठीत ही रेष ज्यांना नेमकी साधली, ते शि. द. फडणीस. मुलांसाठीची त्यांची चित्रं मात्र कोड्यांच्या पुस्तकातून नाही, तर बालभारतीच्या गणितातून घरोघरी गेली.

कोण हे फडणीस?

जन्म २९ जुलै १९२५, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी. शिक्षण मुंबईच्या जे. जे.मध्ये. १९५२ च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी एक तरुणी आणि एक तरुण काढला. तिच्या साडीवर मांजरं, त्याच्या शर्टावर उंदीर. खाली ओळ नाही. आधी नुसती दोन माणसं दिसतात, मग नजर कपड्यांवर जाते आणि हसू फुटतं. अशीच शब्दांविना बोलणारी चित्रं पुढे ‘हसरी गॅलरी’ प्रदर्शनातून लोकांनी पाहिली.

मग गणितात अडचण कुठली?

सत्तरच्या दशकात त्यांनी प्राथमिक गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. कोड्याच्या चित्रात लपवण्यात मजा असते. १९८७ मध्ये ‘वॉली’ गर्दीत दडवणारे ब्रिटिश चित्रकार मार्टिन हँडफर्ड एकेका जोडपानावर कित्येक आठवडे घालवत. गणितात सगळं उलट. झाडावर पाच पक्षी असतील तर पाचही मोजता यायला हवेत. एक पानाआड गेला की मूल चार म्हणणार, आणि त्यात चूक मुलाची नाही.

वजाबाकी तर आणखी अवघड. पाचांतले दोन उडाले, हे दाखवायला ते दोन चित्रात ठेवावेच लागतात. मूल तेही मोजतं. (इंजिनीअरिंग ड्रॉइंगमध्ये न दिसणारी कड तुटक रेषेने दाखवतात. पहिलीतल्या मुलासमोर ती सोय नाही.) म्हणजे चित्र गमतीदार हवं, पण गमतीपायी उत्तर बदलता कामा नये.

चुकलं तर काय?

बालभारतीची स्थापना १९६७ ची. तिचं पुस्तक पुण्यात जे, तेच भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीत. ज्या घरात दुसरं चित्रांचं पुस्तक नाही, तिथे मुलाचं पहिलं चित्रांचं पुस्तक हेच. आणि झाकला गेलेला पक्षी प्रत्येक प्रतीत झाकलेलाच छापला जातो.

माळ्यावर त्या काळातलं गणिताचं पुस्तक सापडलं, तर उदाहरण वाचण्याआधी चित्रातल्या वस्तू मोजून पाहा.